आरसा, चेहरा आणि आत्मप्रतिमा

आमच्या घरात आरसा होता तो तळहाताएवढा. कुठल्या तरी वाड्यातून फुटून बाहेर फेकलेला तुकडा आईने उचलून आणला होता आणि चुलीशेजारच्या भिंतीत शेणामातीने लिंपून बसवला होता. त्यात एका वेळी एक डोळा दिसे, नाही तर अर्धे कपाळ. भांग पाडताना आईला मान तीनदा वळवावी लागे. गावचा न्हावी आमच्या वस्तीत येत नसे आणि आम्ही त्याच्या ओट्यावर जायचे नाही, हा रिवाज. वस्तीतलाच एक म्हातारा लिंबाखाली बसून सगळ्यांचे केस कापी. तिथे आरसा नव्हताच. तो 'झालं' म्हणाला की उठायचे. १९६२ च्या सुमारास वडील मला घेऊन तालुक्याला गेले आणि जिथे आम्हाला कोणी ओळखत नव्हते अशा एका सलूनमध्ये शिरले. खुर्चीपुढे माणसाएवढा आरसा होता. वडिलांनी त्यात पाहिले आणि लगेच मान खाली घातली. कारागीर दोनदा म्हणाला, "मान वर करा." वडील तेव्हा चाळिशीचे असतील. आपला चेहरा आणि खांदे एकत्र त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले असावेत.

पुढे मी ए.टी.डी. करून ड्रॉइंग मास्तर झालो. पस्तीस वर्षे मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवले, फुलपात्रे आणि केळी काढायला शिकवले. नेमलेल्या अभ्यासाबाहेर एकच गोष्ट मी दरवर्षी आठवीच्या वर्गाकडून करून घेत असे. आरशात पाहून स्वतःचे चित्र काढायचे. हा लेख मी कलासमीक्षक म्हणून लिहीत नाही. ज्या चित्रांविषयी लिहिणार आहे त्यांतली बहुतेक मी पुस्तकांत आणि अलीकडे मुलाच्या संगणकावर पाहिलेली आहेत, संग्रहालयात जाऊन नव्हे. तरीही हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे असे मला वाटते म्हणून लिहितो आहे.

कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत आत्मचित्राचे प्रकरण ठरलेले असते. ड्यूररचे १५०० सालचे चित्र, फुगीर आरशात दिसणारे वेडेवाकडे प्रतिबिंब पार्मिजानिनोने १५२४ च्या सुमारास फुगीर लाकडावर जसेच्या तसे उतरवले ते चित्र, रेम्ब्रांटची चाळीसच्या आसपास तैलचित्रे, मग व्हॅन गॉग. सिद्धांतही ठरलेला. युरोपातील माणसाला त्याचा 'मी' सापडला आणि म्हणून तो स्वतःला रंगवू लागला. असेलही. पण या सिद्धांतात आरसा कुठून आला ते कोणी सांगत नाही. सपाट, स्वच्छ काचेचा आरसा सोळाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर करीत. काचेच्या पाठीला कथील आणि पारा लावीत. तो आरसा सरदार-सावकारांनाच परवडे. इटलीतील रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात या मुरानोच्या कारागिरांचा उल्लेख आहे. पाऱ्याने त्यांचे अंग कापू लागे, दम लागे, आणि स्वतःच घडवलेल्या आरशात स्वतःची दुर्दशा ते नाइलाजाने पाहत, असे त्याने लिहून ठेवले आहे. युरोपला त्याचा 'मी' दाखवणाऱ्या त्या माणसांचे चेहरे कोणी रंगवून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. १८३५ साली लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदी चढवण्याची रीत शोधली आणि त्यानंतर हळूहळू आरसा गरिबाच्या घरी पोचला. आमच्या घरी पोचला तो फुटल्यावर.

तेव्हा मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. ज्याचा चेहरा पिढ्यानपिढ्या दुसऱ्यानेच पाहिला आणि तो कसा आहे हेही दुसऱ्यानेच सांगितले, अशा माणसाने पहिल्यांदा स्वतःचे चित्र काढले तेव्हा काय घडले?

याचे एक जुने उदाहरण स्पेनमध्ये आहे आणि त्याची हकीकत तपशिलाने सांगण्यासारखी आहे. स्पेनचा राजचित्रकार व्हेलास्केझ याच्याकडे हुआन दे पारेहा नावाचा गुलाम होता. जन्म १६०८ च्या सुमाराचा, आंतेकेरा गावचा, वंशाने काही अंशी आफ्रिकी. चित्रशाळेत तो मालकाच्या हाताखाली राबत असे. १६५० साली व्हेलास्केझ रोममध्ये होता. पोपचे चित्र काढण्याआधी हात साफ करावा म्हणून त्याने या गुलामाला समोर उभे केले आणि त्याचे चित्र काढले. पांढरी लेसची कॉलर, एक हात पोटाशी आडवा धरलेला, नजर सरळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. ते चित्र त्या वर्षी १९ मार्चला रोमच्या पँथिऑनमध्ये मांडले गेले आणि चित्रकार थक्क झाले. मीही छापील चित्र पाहून थक्क झालो होतो. एवढी ताठ मान गुलामाची असू शकते! पण मग ध्यानात येते की त्या दिवशी तो माणूस मालकीचाच होता. मुक्तीच्या कागदावर व्हेलास्केझची सही झाली ती त्यानंतर, २३ नोव्हेंबर १६५० रोजी. त्यातही अट होती. मुक्ती चार वर्षांनी अमलात येणार, तीही मधल्या काळात पळून गेला नाही आणि काही गुन्हा केला नाही तर. हा कागद १९८३ साली प्रसिद्ध झाला. तोवर चालत आलेली गोष्ट अशी की पारेहा चोरून चित्रे काढी, राजाने एकदा ते पाहिले आणि उदार होऊन त्याला मुक्त करायला लावले. उदार राजाच्या अशा गोष्टी आपल्याही परिचयाच्या आहेत. माणूस मोकळा झाला की श्रेय कोणाच्या तरी दयेला जाते आणि चार वर्षांची अट दप्तरात पडून राहते.

मोकळा झालेला पारेहा स्वतंत्र चित्रकार झाला. १६६१ साली त्याने संत मॅथ्यूला ख्रिस्ताने हाक मारल्याचा प्रसंग रंगवला. सव्वातीन मीटर रुंदीचे ते चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. मेजाभोवती जमलेले जकातवाले एकमेकांकडे किंवा ख्रिस्ताकडे पाहत आहेत. अगदी डाव्या कडेला मात्र एक माणूस उभा आहे, त्याचे या प्रसंगाकडे लक्षच नाही. तो आपल्याकडे पाहतो आहे. त्याच्या हातात कागद आहे आणि त्या कागदावर चित्रकाराची सही आहे. हाच पारेहा. ज्याच्या नावाचा कागद अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्याने लिहिला होता त्याने आता स्वतःच्या नावाचा कागद स्वतःच्या हातात रंगवला.

इथे थांबता आले असते तर बरे झाले असते. पण दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की एक खटकणारी गोष्ट दिसते. मालकाने काढलेल्या चित्रातला पारेहा सावळा, रुंद चेहऱ्याचा आहे. पारेहाने स्वतः काढलेला पारेहा उजळ आहे. नाकही थोडे सरळ झाले आहे. हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मला त्याचा राग आला. मोकळा झालास आणि काय केलेस, तर रंग बदललास? हा राग दोन-चार दिवस टिकला. मग १९७६ चा माझा स्वतःचा फोटो आठवला. लग्नाच्या बोलणीसाठी तालुक्याच्या स्टुडिओत काढलेला. फोटोग्राफरने विचारले, "टचिंग करू का?" निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करीत, ते टचिंग. मी हो म्हणालो होतो. वर दोन रुपये जास्त दिले होते. तो फोटो अजून भिंतीवर आहे. पारेहाला जाब विचारणारा मी कोण?

अमेरिकेतील काळ्या लोकांचे विचारवंत डू बॉईस यांनी १९०३ साली या दुखण्याला नाव दिले. दुसऱ्याच्या डोळ्यांतून स्वतःकडे पाहण्याची सवय लागलेली दुहेरी जाणीव, असे त्यांचे सांगणे. याच डू बॉईस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. पण डू बॉईस केवळ सिद्धांत मांडून थांबले नव्हते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी जॉर्जियातील काळ्या लोकांच्या ३६३ छायाचित्रांचे संग्रह तयार करून पाठवले होते. त्यांना ठाऊक होते की ही लढाई चेहऱ्यांचीही आहे.

त्यांच्याआधी ते फ्रेडरिक डग्लस यांनी ओळखले होते. १८३८ साली गुलामीतून पळालेला हा माणूस. त्यांची आजवर सुमारे १६० वेगवेगळी छायाचित्रे सापडली आहेत. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत एवढे फोटो दुसऱ्या कोणाचे निघाले नाहीत, लिंकनचेसुद्धा नाहीत. १८६१ साली बोस्टनमध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, त्यांनी चक्क चित्रांविषयी व्याख्यान दिले. लोक चकित झाले असतील. चित्रांचे काय घेऊन बसलात? पण डग्लस यांचा हिशेब पक्का होता. गोऱ्यांच्या पुस्तकांतला गुलाम नेहमी दात दाखवून हसत असे, कारण तो गुलामीत सुखी आहे असे दाखवायचे होते. म्हणून डग्लस कॅमेऱ्यापुढे हसत नसत. कोट, कॉलर, आवळलेले ओठ.

त्या काळचे फोटो डॅगेरोटाइप पद्धतीचे असत. तांब्याच्या पत्र्यावर चांदी चढवून ती आरशासारखी घासत, आणि चित्र त्याच आरशावर उमटे. पत्रा जरा तिरका धरला की चित्र नाहीसे होऊन पाहणाऱ्याचा स्वतःचा चेहरा त्यात दिसे. याच पत्र्यांवर १८५० साली दक्षिण कॅरोलिनात, अॅगासी नावाच्या नामांकित शास्त्रज्ञासाठी, गुलामांचे कपडे उतरवून फोटो काढले गेले. काळे लोक वेगळ्याच जातीचे प्राणी आहेत हे त्याला सिद्ध करायचे होते. त्यांतला एक रेंटी, एक त्याची मुलगी डेलिया. साहित्य तेच. फरक एवढाच की डग्लस स्वतःच्या पायांनी खुर्चीवर येऊन बसले आणि रेंटीला आणून बसवले. आपल्याकडेही त्याच सुमारास, १८६८ ते १८७५ या काळात, 'पीपल ऑफ इंडिया' या नावाने सरकारने आठ खंड काढले. त्यात फोटो आहेत. खाली बहुधा जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. माणसाचे शोधावे लागते.

या जुन्या फोटोंचे पुढे काय झाले ते आपल्या काळातील चित्रकारांनी दाखवले आहे. कॅरी मे वीम्स या काळ्या छायाचित्रकार बाईंनी १९९५-९६ मध्ये रेंटी-डेलियाचे ते फोटो घेतले, लाल रंगात बुडवून मोठे केले आणि वरच्या काचेवर शब्द कोरले. त्या माणसांचे काय करून ठेवले, हे त्यांनाच उद्देशून सांगणारे शब्द. म्हणजे आता पाहणाऱ्याला चेहरा आणि आरोप एकदमच वाचावा लागतो. त्याआधीचे, १९८७ चे त्यांचे एक छायाचित्र मला जास्त टोचते. काळी स्त्री आरसा धरून उभी आहे. परीकथेतल्या राणीचा प्रश्न ती आरशाला विचारते, सर्वांत सुंदर कोण? आणि आरसा तिला शिवी हासडून सांगतो की ती गोरी राजकन्याच, आणि हे विसरू नकोस. हा आरसा काचेचा नव्हे. माझ्या वर्गात तो रोज भरत असे. रंगपेटीतील फिक्या गुलाबी खडूला मुले 'अंगाचा रंग' म्हणत. पेटीवर तसेच छापलेले असे. आठवीतली मुले आरशात स्वतःकडे पाहत आणि कागदावर तोच गुलाबी खडू फिरवत. सगळा वर्ग सावळा आणि भिंतीवर लावलेली चाळीस चित्रे गुलाबी! एका मुलीला मी विचारले, हात खडूशेजारी धरून बघ, हा तुझा रंग आहे का? ती म्हणाली, "सर, पण अंगाचा रंग हाच असतो ना?"

या गुलाबी खडूला मी पाहिलेले सर्वांत सडेतोड उत्तर केरी जेम्स मार्शल यांचे आहे. जन्म १९५५, अलाबामातील बर्मिंगहॅमचा. १९८० साली, पंचविशीत, त्यांनी कागदावर एक छोटे चित्र काढले, वहीच्या पानाएवढे. काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस. दिसतात ते डोळ्यांतले पांढरे, सदऱ्याचा त्रिकोण आणि हसणाऱ्या तोंडातले दात, त्यांतला एक पडलेला. चित्राचे नाव चित्रकाराचे आत्मचित्र असे सांगते, पण पूर्वीच्या स्वतःची सावली म्हणून. राल्फ एलिसन यांच्या 'इन्व्हिजिबल मॅन' या १९५२ च्या कादंबरीतून हे सुचले असे मार्शल सांगतात. समोर असूनही ज्याला कोणी पाहत नाही तो माणूस. गंमत पाहा, डग्लस यांनी जे हसणे कॅमेऱ्यापुढे नाकारले तेच टिंगलीचे हसणे मार्शल यांनी स्वतःच्या तोंडावर घेतले. त्यानंतर त्यांनी काळी माणसे रंगवली ती काळ्याच रंगांनी. पांढरा मिसळून तो काळा सौम्य केला नाही. एकच काळा वापरला तर चेहरा सपाट होतो, म्हणून हाडांचा काळा, काजळीचा काळा, लोखंडाचा काळा असे निरनिराळे काळे जवळजवळ ठेवून गाल आणि कपाळ उभे केले. रंगाचा धंदा केलेल्या माणसाला यातली मेहनत कळेल. आम्हाला शाळेत काळ्याचा उपयोग शिकवला होता तो बाह्यरेषेसाठी आणि सावलीसाठी.

दक्षिण आफ्रिकेतील झानेले मुहोली याच वाटेने आणखी पुढे गेले. जन्म १९७२, डर्बनजवळच्या उमलाझी वस्तीतला. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी एकात बसवू नये असे त्यांचे म्हणणे, तेव्हा आपल्या मराठीतले आदरार्थी अनेकवचन इथे कामी येते. 'काळ्या सिंहिणीचा जयजयकार असो' अशा अर्थाचे झुलू नाव दिलेल्या मालिकेत त्यांनी स्वतःचीच छायाचित्रे काढली आणि छापताना कातडीचा काळेपणा मुद्दाम वाढवला. पारेहाच्या अगदी उलट. त्यांची आई बेस्टर गोऱ्या कुटुंबाच्या घरी चाळीसहून अधिक वर्षे घरकाम करीत होती. तिच्या नावाचे २०१५ सालचे एक चित्र आहे. त्यात मुहोलींच्या डोक्यावर मुकुट दिसतो. जवळून पाहिले की कळते, ते कपडे वाळत घालायचे चिमटे आहेत. आईच्या हातातले.

त्या चिमट्यांपाशी मी अडकलो, कारण तिथे आपला प्रश्न सुरू होतो. आईच्या राबणुकीची खूण डोक्यावर घ्यायची की झाकायची? आपल्या घरोघरी बाबासाहेबांचा फोटो आहे. कोट, टाय, खिशाला पेन. संसद भवनाच्या आवारात १९६७ साली उभा राहिलेला, ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळाही कोटातलाच. कोणी म्हणते ही साहेबांची नक्कल आहे. तसे म्हणणाऱ्याला आपला इतिहास ठाऊक नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने गळ्यात गाडगे आणि कमरेला झाडू बांधून फिरायचे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न दिलेल्या भाषणात लिहिले आहे. त्या गाडग्याला दिलेला नकार म्हणजे तो कोट. डग्लस यांच्या आवळलेल्या ओठांसारखा. आमच्या पिढीचा आरसा तो फोटोच होता. त्यात बघून आम्ही भांग पाडला, सदरा इस्त्री केला, शाळेत गेलो.

म्हणूनच १९८८ साली वर्गातल्या एका मुलाने आत्मचित्रात गळ्यात गाडगे काढले तेव्हा मी भडकलो. वस्तीतलाच मुलगा. आदल्या आठवड्यात जयंतीच्या भाषणात त्याने ते ऐकले होते. आरशात बघून चेहरा छान उतरवला होता, रंगसुद्धा गुलाबी नव्हता. आणि गळ्यात हे. मी म्हणालो, "पुस ते. आपल्याला हे दाखवायचे नाही. कोट काढ." त्याने रबर घेतले आणि पुसले. दोन आठवड्यांनी शाळेच्या प्रदर्शनात त्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले. मला अभिमान वाटला होता, हे कबूल करतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी सावी सावरकर यांची चित्रे एका पुस्तकात पाहिली. १९६१ साली नागपुरात जन्मलेले, बडोद्यात मुद्राचित्रण शिकलेले आपल्यातले चित्रकार. तेच गाडगे, तोच झाडू, पुन्हा पुन्हा, जाड रेषांत. ओळखीच्या कार्यकर्त्यांत यावरून वाद झाले. धम्म घेतला, गाडगे टाकले, ते पुन्हा गळ्यात कशाला, असे एका ज्येष्ठाने मला रागाने विचारले. त्यांचा राग मला समजतो. ज्याने ते ओझे वाहिलेल्यांच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकल्या त्याला ते चित्र घरात लावणे सोपे नाही. सवर्ण चित्रकाराने दयेपोटी काढलेले गाडगे मलाही नको आहे. पण सावरकरांचे गाडगे दयेचे नाही. मुहोलींच्या चिमट्यांसारखे ते पाहणाऱ्याच्या गळ्यात पडते. आणि माझ्या विद्यार्थ्याचेही तसेच होते, असे मला आता वाटते. कोट घाल असे त्याला मी सांगितले, तो आरसा त्याचा नव्हता. माझा होता.

चारेक वर्षांपूर्वी तो भेटायला आला. आता तो स्वतः शिक्षक आहे, त्याची मुलगी कॉलेजात आहे. बोलता बोलता मी त्या चित्राचा विषय काढला, जरा चाचरत. तो विसरला असेल अशी मला आशा होती. तो हसला. म्हणाला, "सर, पेन्सिल दाबून काढले होते ना, गाडगे पुसले तरी त्याचा वण कागदावर राहिला होता. मग मी काय करणार? त्याच जागी कोटाचे बटण काढले. जरा मोठेच झाले होते ते. तुम्ही म्हणालात, बटण एवढे मोठे नसते."